गावातला वाडा: पालिकेची नोटीस, दारात बिल्डर आणि आम्ही चौदा वारस. काय करावं?

दहीपुलाची_लेक

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, लिहिते कमी. आज लिहायला बसले कारण घरात रोज रात्री याच विषयावरून वाजतंय आणि बाबा दोन दिवस नीट जेवलेले नाहीयेत.

आमचा वाडा नाशकात, जुन्या गावात, दहीपुलापासून चार मिनिटांवर, गंगेकडच्या म्हणजे गोदावरीकडच्या उतारावर. गल्लीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. २२ फूट रुंद आणि ९० फूट खोल. पुढे ओटा, दोन दुकानं, मधून दिंडी, मग पहिला चौक, माजघर, देवघर, मागे दुसरा चौक आणि बुजवलेला आड. पणजोबांनी घेतला तेव्हाच जुना होता म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी पालिकेची नोटीस येते, महापालिका कायद्याचं कलम २६४, इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या, काही झालं तर जबाबदारी तुमची. बाबा ती वाचतात, घडी घालून फडताळात ठेवतात, तिथे आता नोटिशींचा गठ्ठाच झालाय. यंदा पण आली. फरक इतकाच की यंदा मागच्या माडीखालची एक तुळई चार बोटं खाली बसलीये आणि वरच्या फरशीला तडा गेलाय.

प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं. त्यातले दोघं वारले, त्यांच्या मुलांची नावं अजून लागलेली नाहीत. एक चुलतभाऊ परदेशात. भाडेकरू चार, महिना भाडं ६५ पासून १४० पर्यंत. एक बिल्डर गेल्या दिवाळीपासून येतोय, त्याचं म्हणणं सगळं पाडू, खाली पार्किंग वर पाच मजले, तुम्हाला चार फ्लॅट आणि थोडी रोख, भाडेकरूंचं मी बघतो. चौदा जणांत चार फ्लॅट कसे वाटायचे ते कुणी बोलत नाही, पण सही करा म्हणून फोन मात्र सगळे करतात.

बाबांना वाडा सोडायचा नाहीये. दिंडीच्या उजव्या चौकटीवर चार खाचा आहेत. सगळ्यात वरची १९६९ च्या पुराची, ती आजोबांनी पाडलेली. खालच्या तीन, २००८, २०१६ आणि २०१९, बाबांनी. दर पुरात गंगेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही खालचं सामान वर न्यायला लागायचो आणि सरकारवाड्याच्या पायरीला लागलं की दुकानवाल्यांना हाका मारायच्या, हे आमचं घड्याळ. पाणी ओसरलं की बाबा आधी खाच पाडणार मग गाळ काढायला घेणार.

मला अक्कल नाही म्हणून विचारते. वाडा ठेवूनही माणसांना नीट राहता येईल असं काही करता येतं का? निदान पुढचा भाग तरी?

सिडकोवाला

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझं लहानपण भद्रकालीतल्या वाड्यात गेलं. अकरा बिऱ्हाडं आणि दोन संडास. सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहायचो. आई पाच महिन्यांची पोटुशी असताना त्या अंधाऱ्या जिन्यावरून घसरली होती, भिंतीत बसवलेला जिना, कठडा नाही, दोर धरून चढायचं. लोक वाड्याचे फोटो टाकतात ते पुढच्या नक्षीदार खांबाचे असतात, मागच्या मोरीचे कुणी टाकत नाही.

दर पावसाळ्यात गावात कुठे ना कुठे भिंत पडते आणि माणसं जातात. तुमचे बाबा मागच्या माडीखाली झोपत असतील तर हा धागा नंतर वाचा, आज रात्रीच त्यांना पुढे झोपवा. बाकी माझं मत पाडा असंच आहे. माणसापेक्षा लाकूड मोठं नाही.

दहीपुलाची_लेक

दादा, राग अजिबात नाही. बाबांचा पलंग कालच पुढच्या खोलीत आणला. मागे जायचा रस्ता खुर्ची आडवी टाकून बंद केलाय.

भाडेकरूचा_पोरगा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आम्ही गावात तीन पिढ्या भाड्याने आहोत, भाडं ऐकलं की लोक म्हणतात फुकटात राहता. पण आजोबांनी आत येताना पागडी दिलेली, पत्रे आम्ही टाकले, नळ आम्ही घेतला, फरशी आमची. मालक नाशकात राहतच नाहीत, भाडं घ्यायला पण येत नाहीत, मनीऑर्डर करतो ती कधी कधी परत येते.

१९९९ चा भाडे नियंत्रण कायदा नीट वाचला तर घोळ कळेल. दुरुस्ती मालकाने करायची असं त्यात लिहिलंय. मालकाने नाही केली तर भाडेकरूने नोटीस देऊन स्वतः करायची आणि खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. पण वर्षाला किती कापता येतो? वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. म्हणजे ताईंच्या ६५ रुपयांच्या खोलीत वर्षाचं भाडं ७८०, चौथा हिस्सा १९५. एकशे पंच्याण्णव रुपयांत वर्षभराची दुरुस्ती! मालक पण काय करणार, भाडं वाढवायला कायद्याने वर्षाला ४ टक्के. म्हणजे ६५ चे ६७ रुपये साठ पैसे. त्यामुळे मालक म्हणतो मी का घालू पैसे आणि भाडेकरू म्हणतो घर माझ्या नावावर नाही मी का घालू, आणि मधल्या मधे तुळई कुजते. आमच्या गल्लीतले तीन वाडे असेच गेले, ते म्हातारे होऊन गेले असं मी तरी म्हणणार नाही.

ताई एक विनंती. बिल्डर म्हणाला भाडेकरूंचं मी बघतो, ते वाक्य आमच्या ओळखीचं आहे. उतरवायची वेळ आलीच तर आधी प्रत्येक भाडेकरूची जागा पालिकेकडून मोजून लेखी घ्या, खोली किती बाय किती, कुठल्या मजल्यावर. वाडा पडल्यावर मोजायला काही उरत नाही आणि मग पोराबाळांपर्यंत कोर्ट चालतं.

जुना_इंजिनिअर

वय ६८, चाळीस वर्षं स्ट्रक्चरचं काम केलं, त्यातली शेवटची पंधरा बरीचशी जुन्या बांधकामांवर. थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं, कलम २६४ म्हणजे पाडाच असा अर्थ नाही. त्यात आधार द्या, दुरुस्त करा किंवा पाडा असे सगळे पर्याय आहेत. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करावंच लागतं, आणि ऑडिटमधून वर्गवारी निघते. सी-१ म्हणजे राहण्याजोगी नाही, ताबडतोब उतरवा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. बहुतेक वाडेमालक ऑडिट करतच नाहीत कारण भीती वाटते की सी-१ येईल. मग बिल्डर स्वतःचा माणूस आणून ऑडिट करतो आणि ते सी-१ येतं. तुम्ही स्वतः पैसे देऊन, तुमचा माणूस लावून करा.

दुसरं, वाडा कसा उभा असतो ते समजून घ्या. आरसीसी बिल्डिंगसारखाच तो खांब आणि तुळयांवर उभा असतो, फक्त खांब सागवानी. खालून दगडी जोतं, त्यावर उथाळा म्हणजे खांबाखालचा दगड, उथाळ्यावर खांब, खांबावर हस्त म्हणजे तुळईला आधार देणारा लाकडी तुकडा, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटावर माती. भिंत पांढरीच्या मातीची नाहीतर भाजक्या विटेची, बरेचदा ती नुसतं भरणं असते. म्हणून भिंत पडली तरी सांगाडा उभा राहतो, हे पुरात पाहिलंय मी.

हा सांगाडा मरतो कुठे? दोनच जागी. एक, खांबाचा पाय, जिथे गाळ नि ओल. दोन, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. मधली तुळई दगडासारखी टणक असते, खिळा ठोकला तर वाकतो, आणि भिंतीतलं एक दीड फूट मात्र भिजलेल्या टोस्टसारखं. का? कारण कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो. सिमेंट नाही सोडू देत. पुराचं पाणी, मोरीचं पाणी, गच्चीचं पाणी आत कोंडतं आणि वाट शोधत लाकडाच्या टोकाशी येतं, मागोमाग वाळवी. लोकांना वाटतं सिमेंट मारलं म्हणजे मजबूत केलं. मी तरुणपणी स्वतः असली कामं करून दिलीयेत, आज त्याचं फार वाईट वाटतं.

चार बोटं बसलेली तुळई ऐकून मला तरी वाटतं टोक गेलंय. त्यावर उपाय असतो, कुजलेलं टोक कापून नवीन सागाचा तुकडा सांधायचा, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या, नाहीतर भिंतीलगत नवीन खांब उभा करून तुळईला आतूनच बसक द्यायची. हे सगळं नंतर. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे तुळईखाली लोखंडी टेकू. दोन टेकू, खाली फळी, वर फळी, आणि जॅक फिरवून तिला वर उचलायला जाऊ नका, फक्त टेकवा. मिस्त्री हौसेने उचलतात आणि वरची भिंत फाटते.

गल्लीतलाच

इंजिनिअर काकांनी लिहिलं त्यात एक जोडतो. गावात वाड्याला वाडा चिकटलेला, मधली भिंत सामाईक. आमच्या शेजारचा वाडा पाडला, जेसीबी लावून, तीन दिवसांत सपाट. मग पायासाठी आठ फूट खोदलं आणि पाऊस सुरू झाला. आमची ती बाजू दीडशे वर्षं पावसात आलीच नव्हती, तिला बाहेरून गिलावासुद्धा नव्हता. ताडपत्री लावा म्हणून आम्ही हातापाया पडलो. ऑगस्टात आमच्या माजघराची भिंत त्या खड्ड्यात गेली, आणि त्यानंतर धोकादायक म्हणून नोटीस कुणाला, तर आम्हाला.

त्यामुळे ताई तुम्ही काहीही ठरवा, पण पाडायचं झालं तर हाताने, वरून खाली, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला आधार देऊन. आणि शेजारी कुणी पाडत असेल तर आधीच सगळ्या भिंतींचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.

पाथर्डी_फाटा_२बीएचके

मी बाहेरगावची, नाशकात येऊन नऊ वर्षं झाली. माझं मत वेगळं पडेल. नवऱ्याचं दुकान मेन रोडला आणि आम्ही राहतो पाथर्डी फाट्याला, कारण गावात घर मिळतच नाही. रोज जायला यायला दीड तास, पेट्रोल वेगळं, रात्री दहाला जेवण. गावात मात्र अर्धे वाडे कुलूप लावून पडलेले दिसतात. नवीन घरं हवीतच ना लोकांना? शहर सगळं बाहेरच वाढतंय, म्हसरूळ, आडगाव, मखमलाबाद, चांगल्या द्राक्षबागा गेल्या त्यात. गावाच्या मधोमध शाळा आहे, बाजार आहे, दवाखाना आहे, बस आहे, आणि तिथेच राहायला कुणी नाही हे मला पटत नाही.

पण मला तिथे गाडी ठेवायला जागा नको आहे. आम्हाला एक दुचाकी पुरते. मला दोन खोल्या, स्वच्छ संडास, चोवीस तास वीज नि पाणी आणि पावसात झोप लागेल इतकी भक्कम छत हवी. तो वाडा असला तरी चालेल, टॉवर असला तरी चालेल. बिल्डर जे बांधतात ते माझ्यासाठी बांधत नाहीत, साडेनऊशे फुटांचा फ्लॅट पार्किंगसकट माझ्या बजेटच्या बाहेर जातो.

दहीपुलाची_लेक

पाथर्डीवाल्या ताई, हे तुम्ही लिहिलंत ते माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आमच्याकडे वरच्या सहा खोल्या वीस वर्षं बंद आहेत. सहा. एकीत आजीची शिवणाची मशीन आणि बाकीच्यांत पारवे.

वाडा_होता_आमचा

आम्ही पाडला. सात वर्षांपूर्वी. म्हणून लिहितोय.

बिल्डर म्हणाला अठरा महिने. आज सात वर्षं भाड्याच्या घरात आहोत, पहिली दोन वर्षं भाडं त्याने दिलं मग बंद. काम तिसऱ्या स्लॅबला थांबलंय. कारण काय तर एका वारसाने दावा टाकला, एक भाडेकरू कोर्टात गेला, आणि दरम्यान त्याचे पैसे दुसऱ्या साइटवर अडकले. नाव लिहीत नाही, माणूस वाईट होता असंही नाही, त्याला त्या जागेचं गणितच जमलं नाही. १८ फूट रुंदीच्या प्लॉटमध्ये जिना, लिफ्ट, डक्ट काढलं की खोली उरते दहा फुटी. खाली पार्किंग दाखवलं नकाशात पण गल्ली इतकी अरुंद की गाडी वळतच नाही आत. म्हणजे पार्किंगसाठी दुकानं गेली आणि पार्किंग पण नाही.

वाड्याचं लाकूड जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घनफुटावर नेलं. सुरूदार खांब होते सोळा. ते म्हणे कुठल्याशा रिसॉर्टला गेले. मी त्या दिवशी तिथे होतो, खांब आडवा केला तेव्हा उथाळ्यातून त्याचा पाय निघाला, आणि तो पाय, जो जमिनीत सडला असेल असं सगळे सांगत होते, तो पिवळाधमक कोरडा होता. वास सुद्धा आला सागाचा. ते बघून वडील ओट्यावर खाली बसले ते तासभर उठले नाहीत. ताई, निदान कुणाला तरी दाखवून घ्या हो आधी.

नकाशे_आणि_फायली

नियमांचं थोडं. मी या क्षेत्रात काम करते, तरी अर्ज करण्याआधी तुमच्या आर्किटेक्टकडून खात्री करून घ्या.

गंगेकडचा उतार म्हणालात म्हणजे पूररेषा बघा सगळ्यात आधी. २००८ च्या पुरानंतर नाशकात निळी आणि लाल रेषा आखल्या. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. या रेषांच्या आत नवीन बांधकामाचे नियम कडक, आणि पुनर्बांधणी मिळाली तरी जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावं लागतं, शिवाय पाटबंधारे खात्याची परवानगी. आता विचार करा, तुमच्या दिंडीच्या चौकटीवर १९६९ ची खाच किती उंच आहे? नवीन इमारतीचं जोतं त्या हिशोबात जाणार. म्हणजे रस्त्यालगतची दुकानं, ओटा, गल्लीशी असलेलं नातं सगळं संपलं, खाली नुसते खांब. आजची दुकानं चालतात ती पायरीवर माल मांडून. हे बिल्डरने सांगितलं का तुम्हाला? बिल्डरच्या नकाशावर निळी रेषा काढलेली आहे का, विचारा.

दुसरं, वारसा. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, यूडीसीपीआर. त्यात वारसा वास्तूंची श्रेणी १, २, ३ आहे आणि वारसा यादीतल्या वास्तूच्या मालकाला जे बांधकाम करता येत नाही त्याचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, मिळून तो बाहेर विकता येतो. म्हणजे कागदावर का होईना, वाडा राखणाऱ्याला मोबदला आहे. अहमदाबादला पोळांमधल्या जुन्या लाकडी घरांना असा टीडीआर दिला जातो, २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झालं त्यामागे ही घरं उभी आहेत. आपल्याकडे अडचण ही की यादीत यायला लोक घाबरतात, वाटतं नाव लागलं की खिळा ठोकायला पण परवानगी. श्रेणी ३ मध्ये आत बऱ्यापैकी बदल करता येतात, लोकांपर्यंत हे पोचलेलं नाही.

आणि मुंबईशी तुलना करू नका. तिथे उपकरप्राप्त इमारतींचा वेगळा कायदा १९६९ पासूनचा, रहिवासी उपकर भरतात, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दुरुस्ती करतं. ती व्यवस्था फक्त मुंबई शहर बेटापुरती. नाशिकच्या वाड्याला नोटीस आहे, दुरुस्ती मंडळ नाही. माझा खरा राग इथे आहे. पालिका पावसाळ्याआधी शेकड्याने कागद वाटते, मग त्याच कागदासोबत ऑडिटचा निम्मा खर्च आणि कमी व्याजाचं दुरुस्तीचं कर्ज का नाही देत? सुंदरनारायण मंदिराचं काम पुरातत्त्व खात्याने हातात घेतलं, दगड न दगड उतरवून परत बसवायचं. ते मंदिर १७५६ चं, करायलाच हवं होतं. पण त्या मंदिराभोवती जी माणसं राहायची त्यांच्या घरांचं काय? २०२७ च्या सिंहस्थासाठी सगळं शहर खोदलंय. पाहुणे येऊन गंगेत स्नान करून जातील, त्यांना गाव म्हणून काय दिसणार आहे, स्टिल्टचे खांब?

सिडकोवाला

नकाशेवाल्या ताई, हे पूररेषेचं मला माहीत नव्हतं. मुद्दा घेतला. तरी माझा हट्ट एकच, राहणाऱ्या माणसाला संडास खोलीतच पाहिजे. वाडा वाचवा पण रांग नको.

नकाशे_आणि_फायली

शंभर टक्के. त्याशिवाय कुणी राहायला येणारच नाही. ओल्या खोल्या सगळ्या एका बाजूला, नवीन आरसीसी चौकटीत, जुन्या लाकडापासून लांब. हे करता येतं.

तांबट_आळी

विषयाला थोडी बगल देतो. तिवंध्याची रहाड आठवा. पेशवाईपासूनचा हौद, ऐन रस्त्याच्या मधे, वरून गाड्या जातात वर्षभर. रंगपंचमीच्या आधी माती बाजूला करून ओंडके उचलायचे, हौद धुवायचा, फुलांचा रंग, पूजा, मग धप्पा म्हणजे रंगात उड्या. त्या रस्त्याचं किती वेळा काम झालं असेल, पण रहाड बुजवायची हिंमत कुणाची झाली नाही, कारण ती वापरात आहे आणि आजूबाजूची घरं तिला आपली मानतात. आता ती घरं रिकामी होतायत. आमच्या गल्लीत ठोक्याचा आवाज यायचा सकाळी सात पासून, आता तीन दुकानं राहिली. ओंडके उचलायला पोरं कुठून आणायची याची चिंता आम्हाला दर वर्षी जास्त. म्हणून पाथर्डीवाल्या ताई, तुम्ही या राहायला.

दहीपुलाची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. बरंच झालंय मधे.

टेकू दुसऱ्याच दिवशी लावले. मग इंजिनिअर काकांनी सुचवलेल्या पद्धतीने आमचा स्वतंत्र माणूस आणला, तरुण मुलगी आहे, लाकडाचंच काम करते. तिने हातात एक लांब पेचकस घेतला आणि प्रत्येक तुळईच्या टोकाशी जाऊन टोचून बघितलं. मी टॉर्च धरून मागे. मागच्या चौकात पहिली तुळई, पेचकस मुठीपर्यंत आत गेला, भुसा गळला. दुसरी तशीच. तिसरी बरी. मग पुढच्या भागात आलो, दिंडीवरची तुळई, तिने टोचलं, टक्क. पुन्हा टोचलं, टक्क. खांबाचे पाय, टक्क. बाबा ओट्यावरून कान देऊन ऐकत होते. सोळा वेळा टक्क झालं आणि ते उठून चहा ठेवायला गेले. पुढे कधी सिमेंट मारलं नव्हतं कारण आजोबांकडे पैसे नव्हते! मागे काकांनी ७८ साली हौसेने प्लास्टर केलं होतं.

तिचा रिपोर्ट असा की मागचा भाग उतरवावाच लागेल, पुढचे पाच खण सी-२बी, राहत राहत दुरुस्ती होईल.

मग बैठक झाली, प्रत्यक्ष सात जण आणि व्हिडिओवर चार. मी पूररेषेचा नकाशा काढून नेला होता. आमचा मागचा चौक आणि पुढचा ओटा दोन्ही लाल रेषेच्या आत. बिल्डरच्या ड्रॉइंगमध्ये रेषाच नव्हती. विचारलं तर म्हणाला ते नंतर मॅनेज होतं. तिथे मोठे काका, जे सगळ्यात आधी सही करायला तयार होते, ते म्हणाले, मॅनेज होतं म्हणजे काय रे, पाणी पण मॅनेज करणार का तू? तेव्हापासून त्याचे फोन बंद आहेत.

सध्या ठरलंय ते असं, अजून कच्चं आहे. मागचा भाग हाताने उतरवायचा, चांगलं लाकूड पुढच्या दुरुस्तीला वापरायचं. त्या जागी परवानगी मिळेल तेवढी छोटी नवीन इमारत, पार्किंगशिवाय बसते का ते बघतोय, छोट्या छोट्या दोन खोल्यांची बिऱ्हाडं, ओल्या खोल्यांसकट. पुढचा वाडा, पहिला चौक, माजघर, दुकानं तशीच. भाडेकरूंशी लेखी करार करायचा, त्यांच्या खोल्यांचं मोजमाप आधीच करून घेतलंय, भाडेकरूच्या पोरा, तुझं वाक्य बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवलं. दोन भाडेकरूंनी दुरुस्तीत वाटा द्यायची तयारी दाखवली, बदल्यात त्यांना पक्का कागद हवाय, आणि मला ते रास्त वाटतं.

चौदापैकी नऊ जण तयार, दोघं विरोधात, बाकीच्यांचे वारस शोधणं चालू आहे. पैशांचं अर्धंच जमतंय. बँकेने विचारलं गहाण काय ठेवणार, चौदा नावं बघून साहेबांनी फाईल मिटली. म्हणजे सगळं सुटलं असं अजिबात नाहीये, आणि दोन विरोधातल्यांपैकी एक सख्खी आत्या आहे, तिला स्वतःच्या औषधपाण्यासाठी पैसे हवेत, तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तिचा हिस्सा आधी कसा देता येईल ते बघतोय.

आता मदत हवी ती अशी. चुन्याचं काम करणारा मिस्त्री कुणाला माहीत आहे का? कळीचा चुना भिजवून, सिमेंट न घालता गिलावा करणारा. आम्हाला जे भेटले ते सगळे म्हणतात थोडं सिमेंट टाकूच ताई, लवकर सुकतं.

जुना_इंजिनिअर

थोडं पण टाकू देऊ नका. चुना निदान तीन आठवडे हौदात भिजत ठेवा, वर पाणी राहिलं पाहिजे. तुमच्या मागच्या चौकातला हौद शाबूत असेल तर तोच वापरा. आणि गिलाव्याच्या आधी वाळवीचं औषध, खांबाच्या पायाशी आणि भिंतीतल्या सगळ्या खाचांत. क्रम चुकवू नका.

तांबट_आळी

मंदिराच्या कामावर गेलेला एक मिस्त्री आमच्या ओळखीचा आहे, चुन्याचं काम हातातलं आहे त्याच्या. वय झालंय, शिडीवर चढत नाही आता, पण मुलगा चढतो आणि तो खाली बसून सांगतो. रविवारी सकाळी नऊला घेऊन येतो. वाडा कसा ओळखायचा?

दहीपुलाची_लेक

दहीपुलावर येऊन फोन करा, बाबा स्वतः घ्यायला येतील. नाहीतर गल्लीत शिरलात की डाव्या हाताला, चौकटीवर चार खाचा असलेली दिंडी.